डोईमागं एक मापटं

शेजारची जैनबकाकी गव्हाची पाटी घेऊन दारात उभी राहिली, तसा उंबऱ्याच्या आत बसलेल्या सारजाचा हात आपसूक पोटावर गेला.

आठवा महिना होता. आधीची दोन्ही लेकरं दिवस भरायच्या आत गेलेली. म्हणून तर नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला, तेव्हा ती मागं लासुर्ण्यातच राहिली होती. घरातलं धान्य कधीच संपलं होतं. पण भुकेपेक्षा भ्या मोठं. झुंजुरकाच तिनं कुडाच्या फटीतून बघितलं होतं, काकी घरातल्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होती, नाव घेत होती आणि मापटंभर गहू पाटीत ओतत होती. शेवटी रातभर किरकिरणाऱ्या तान्ह्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून तिचंही मापटं ओतलं. उतारा! दुसरं काय असतं असं? आणि तीच पाटी आता हिच्या दारात.

"घे गं बाय, ईद हाय आज," काकी म्हणाली. "फितरा हाय, ईदीचं दान. घरातल्या दर माणसामागं मापटंभर द्यावंच लागतं आमच्यात, पाळण्यातल्याचं बी."

"दुसऱ्या कुणाला द्या, काकी."

"शेजारची चूल थंड ठिवून गावभर हिंडू व्हय? घे बिगी बिगी. नमाजाच्या आत दिलं न्हाय, तर महिन्याचे रोजे अधांतरी लोंबत्यात."

बाहेर काकीचा लेक नमाजाला निघायला एम-एटीला किक मारत होता. काकीचा जीव खालीवर होत होता.

सारजानं पाटीकडं बोट केलं. "मग ह्यातले चार दाणे तुमी आधी खावा. माझ्या म्होरं."

काकीनं चटकन हात मागं घेतला. "आमाला न्हाय चालत ते. एकदा काढलं की दाणा बी तोंडात घालायचा न्हाय."

झालं! सारजाची खात्रीच पटली. "कळतंय मला सगळं! तुमच्या पोरीवरनं उतरलेलं माझ्या पोटावर कशापायी घालताय? हे तिसरं गेलं तर मी जगायची न्हाय, काकी!"

आत्ता कुठं काकीच्या ध्यानात आलं. दुसरी कुणी असती तर चार शिव्या हासडून पाटी उचलून गेली असती. काकी पाटी उंबऱ्यावर ठेवून तरातरा घरी गेली, तान्ह्या नातीला उचलून आली आणि तिला सरळ सारजाच्या मांडीवर ठेवलं. पलीकडच्या दारातून सून "अम्मा!" म्हणून ओरडली. काकीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"दळ, भाज, पोटभर खा. तवर ही हितंच ऱ्हाईल. त्या गव्हात काय वंगाळ असंल, तर ही बी त्याच घरात हाय."

सारजानं पोरीला सावरून धरलं.

"घेतलं म्हण गं माझी बाय. येळ चाललीय."

"घेतलं," सारजा कशीबशी म्हणाली.

काकीनं लेकाला हात केला आणि एम-एटी फटफटत निघून गेली.

पोरीला काखेत धरून सारजानं पाटी जात्याशी ओढली आणि बसली. पोर मांडीवर तिच्या पोटाला टेकून रडत पडली होती. तेवढ्यात आतल्यानं लाथ मारली. पोर दचकली, रडायची थांबली आणि सारजाच्या पोटाकडं टकामका बघायला लागली.

सारजानं पहिली मूठ जात्यात घातली.