डावीकडची फळी

डावीकडची फळी थरथरत होती. उजवीकडची स्थिर.

मुलीने टीव्हीमागे मान घालून वायर हलवून पाहिली. जेवणाच्या टेबलावर तिचं सर्किट उघडंच पसरलेलं होतं: हिरवा बोर्ड, त्यावर आयसींच्या रांगा आणि दोन लांब वायरींच्या टोकांना एकेक नॉब. नॉब फिरवला की पडद्यावरची फळी वर-खाली सरकायची आणि चेंडू परतवायची. घरी टीव्हीला जोडून खेळायचा हा कंपनीचा पहिलाच खेळ. सर्किटचं ड्रॉइंग उद्या सकाळी कारखान्यात जाणार होतं. त्यानंतर काहीच बदलता येणार नव्हतं.

"चेंडू चौकोनी कसा गं?" बाबांनी विचारलं.

"गोल काढायला जास्त आयसी लागतात. साहेब म्हणाले, लोक चालवून घेतील."

"आणि एकट्याला खेळायचं असेल तर?"

"नाही येत. याला डोकं नाहीये, बाबा. समोर माणूस लागतोच. म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय."

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात बाबांची हयात गेली होती. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवला, त्यानंतर ते कशालाच हात लावत नसत. आज मात्र टेबलाच्या पार त्या टोकावरून त्यांना चेंडू तिच्याआधी दिसत होता.

तिने डावा नॉब बदलला. थरथर तीच. सोल्डर कच्चं असेल म्हणून सांधे पुन्हा तापवले. तीच. मग कॉलेजात शिकवलं होतं तसं तिने एकच गोष्ट बदलायची ठरवली.

"बाबा, उठा. तुम्ही उजवा घ्या, मी डावा."

"राहू दे ना आता. कंटाळा आला मला."

"एकच मिनिट."

जागा बदलल्या. आता उजवीकडची फळी थरथरू लागली. डावीकडची स्थिर.

ती पडद्याकडे बघतच राहिली. चेंडू येऊन निसटून गेला, तरी तिने नॉब फिरवला नाही.

"तुझं सर्किट ठीक आहे," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी नॉब मांडीवर ठेवला आणि उजवा हात डाव्याने झाकला.

"मग ते डोळे अधू झाल्याचं?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय! आईला बोलू नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल."

डबीतून तिने एक कपॅसिटर काढला आणि त्याचे पाय वाकवायला लागली.

"हे काय आता?"

"टाकी समजा. वरून पाणी कसंही येऊ दे, आतली पातळी सावकाशच हलते. बारीकसारीक थरथर आतच जिरते."

तिने तो बाबांच्या नॉबच्या वाटेवर जोडला. बाबांनी नॉब उचलला. हात कापत होता. फळी शांतपणे वर गेली, शांतपणे खाली आली. बाबांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"जरा मागून येते," ते म्हणाले.

"तुमच्यावर गेलीय. लग्नाला जेवणाच्या पंगतीलाच पोचता तुम्ही."

"आणि तुझी पुढे पळणार. हा कुठला न्याय?"

"माझ्याही लावते की."

तिने दुसरा कपॅसिटर जोडला. चेंडू किंचित हळू केला. मग ड्रॉइंग ओढून त्यावर पेन्सिलने दोन्ही बाजूंना एकेक कपॅसिटर काढला.

"साहेब विचारतील, कशाला?"

"सांगेन, थरथर होती."

खेळ सुरू झाला. तिसऱ्या चेंडूला बाबा खुर्चीच्या कडेवर आले. पाचव्याला त्यांनी तिला खालच्या कोपऱ्यात हुकवलं आणि "काय चिमे, डोळे अधू झाले का?" म्हणून खदखदून हसले.

हसणं ऐकून आई चहा घेऊन बाहेर आली. तिने टेबलावरच्या वायरी कोपराने बाजूला सारल्या आणि कप ठेवले. तिचा आणि मुलीचा काठोकाठ भरलेला. बाबांचा अर्धा.

आजवर मुलीला वाटायचं, बाबांना चहा कमीच लागतो.