दुसरा चष्मा

डोळ्याचा हा कर्करोग इतका दुर्मीळ, की देशभरातल्या रुग्णांची नोंद आमची एकच खोली ठेवते. तपासणीची बोलावणीही इथूनच जातात. आकडा फुगू नये म्हणून मॅडमनी मागे एक नाव उडवलं. जन्मतारीख तीच, पत्ता तोच, आई तीच. "एका घरात दोन कुठून? एकाच पोरीची दुबार नोंद. दुसरं नाव घरातलं असेल!" आम्हीही माना डोलावल्या. आज ती आई मुलीला घेऊन आली. पोरीच्या गळ्यात तपासणीनंतर लावायचे दोन काळे चष्मे. मॅडम हसल्या, "दोन-दोन? काय थाट!" "एक ताईचा," पोर म्हणाली. "तिला आता नको." "जुळ्या आहेत हो," आई म्हणाली. "या खेपेला हिलाच बोलावलंत. म्हटलं, चला, एकीची तरी पीडा टळली." मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. "ती कशी आहे?" "मजेत! हल्ली दारांना धडकते, जन्माची वेंधळी!"