आज कोणाला सोडलं

"आज कोन्त्या गल्लीले सोडलं, भाऊ?" भूषणच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून लक्ष्मणराव विचारत होते.

गावात नळाला पाणी सुटतं तेव्हा हाच प्रश्न असतो. पण लक्ष्मणराव पाण्याचं विचारत नव्हते. गेल्या आठवड्यापासून भूषण गावाला इंटरनेटही तसंच सोडत होता, एका दिवशी एकच गल्ली. मोबाईलची रेंज इथे नावापुरतीच, त्यामुळे सगळं गाव त्याच्यावर खार खाऊन होतं.

"लाइनीचं काम करून राह्यलो. तुमचं येईल उद्या-परवा."

लक्ष्मणराव कुरकुरत गेले. भूषणने दार लोटलं आणि तो मागच्या खोलीत आला. तिथे प्रयागबाई आणि तिची मुलगी नेहा बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये नेहाचा फोन होता, दुकानाच्या वायफायला जोडलेला.

नेहाच्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं. त्यावर फोटो यायचे. चेहरा नेहाचा, उघडं अंग दुसऱ्याच कोणा बाईचं. पोलिसांनी माग काढला तर तो भूषणच्या दुकानापर्यंत आला आणि तिथेच संपला, कारण बाहेरून पाहिलं तर सगळ्या गावाचा इंटरनेटवरचा नंबर एकच होता. वायर टाकतानाच आदिलाबादच्या इंजिनिअरने त्याला बजावलं होतं, कोणत्या घरातून काय गेलं याची नोंद राहील असं यंत्र आत्ताच बसव. पुढे पाहू, आपलंच तर गाव आहे, असं भूषण म्हणाला होता. आता ते वाक्य आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

"वायर तुहीच हाये ना?" प्रयागबाईने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"वायर माही हाये, काकू. त्यातून कोन काय धाडते, ते मले कसं दिसंल?"

तोडगा नेहाने काढला होता. "मंग पान्यासारखं सोडा, भूषणभाऊ. ज्या दिवशी फोटो येईल, त्या दिवशी ज्या गल्लीले सोडलं असंल, तो तिथलाच."

तोडगा बिनतोड होता. त्यात गोम एकच होती. माणूस सापडायचा तर फोटो पुन्हा यायला हवा होता.

म्हणून प्रयागबाई मळ्यातली वांगी तशीच टाकून रोज इथे येऊन बसत होती. देवा, आज तरी येऊ दे, असं पुटपुटायची आणि आपण काय मागतो आहोत हे ध्यानात आलं की पदर तोंडाला लावायची.

नेहाच्या बापाने, नागोरावने, तिचं कॉलेज बंद केलं होतं. घरातली इंटरनेटची वायर त्याने स्वतःच्या हाताने उपटून उकिरड्यावर फेकली होती. "नाव कळल्याबिगर पोरगी आदिलाबादच्या बसमंदी पाय ठेवनार नाही," त्याने पारावर चारचौघांत सांगितलं होतं. "आन् कळलं, की हात तोडतो त्याचे. जेल झाली तं झाली." नेहाची परीक्षा तोंडावर आली होती.

फोन वाजला.

नेहाने पाहिलं. आईकडे तो वळवला नाही. "आला," एवढंच म्हणाली.

प्रयागबाईने चक्क हात जोडले. तिचा चेहरा उजळला. "कोन्ती गल्ली, भूषण?"

भूषणने वर पाहिलं. भिंतीवरच्या लोखंडी डब्यात आजच्या गल्लीचा एकच हिरवा दिवा लुकलुकत होता. बातमी फुटू नये म्हणून कोणत्या दिवशी कोणती गल्ली, हे त्याने या दोघींनाही कधी सांगितलं नव्हतं. आजची गल्ली तर त्याने उगाच, राहायला नको म्हणून घेतली होती.

"काकू, तुमची."

"आमच्या गल्लीत वायर आता कोनाकडं..." प्रयागबाई बोलता बोलता थांबली. गल्लीत घरं दोनच. एक त्यांचं, दुसरं सख्ख्या दिराचं. भिंतीला भिंत. दिराचा मुलगा प्रज्वल, त्यानेच तर पहिला फोटो नागोरावला आणून दाखवला होता. तोच त्याला मोटारसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेला होता. नेहा दरवर्षी त्याला राखी बांधायची.

"आई, बाबाले सांगू ना आता?" नेहा म्हणाली. "नाव कळलं. आता परीक्षेले जाता येईल मले."

प्रयागबाई त्या एका दिव्याकडे पाहत राहिली. नवऱ्याचा राग तिला माहीत होता. घरात कुऱ्हाड कुठे टांगलेली असते, तेही.

"भूषण," ती म्हणाली, "सगळ्यांले सोड."

"काकू, निदान पोलिसाले तरी सांगू."

"सोड म्हनलं ना, बापा."

भूषणने नेहाकडे पाहिलं. नेहा आईकडे पाहत होती. आईने मान वर केली नाही. मग त्याने एकेक बटण दाबलं. एकेक दिवा लागत गेला आणि डबा हिरवागार झाला.

बाहेर गल्लीत कोणीतरी ओरडलं, "आलं रे, आलं!" पोरं धावली. थोड्या वेळाने दार ढकलून लक्ष्मणराव आत डोकावले. हातात फोन, चेहऱ्यावर हसू.

"आलं भाऊ आमचं. आज सगळ्यांले सोडलं का?"

भूषण डब्याचं झाकण लावू लागला.

"हो," नेहा म्हणाली. "सगळ्यांले."