कीबोर्डवरची हळद

पाटावर बसलेल्या मृण्मयीला हळद लावायची आता फक्त आईच राहिली होती. मावशीनं वाटी पुढे केली, पण शैलजाबाईंचे हात मांडीवरून हलेनात.

"आई, कीबोर्ड आणू?" मृण्मयीनं हळूच विचारलं.

टायपिंग करकरून मनगटं कामातून गेली, तेव्हा ऑफिसनं त्यांच्यासमोर दोन कीबोर्ड ठेवले होते. पहिला साधाच, तो घेतला तर दुखणं राहणार आणि नोकरी जाणार. दुसरा थेट बोटांच्या नसांशी जोडायचा. त्यावर हात कधीच दुखणार नव्हते, पण बोटं जागी व्हायची ती टायपिंगपुरतीच. एरवी दोन्ही हात नुसती लाकडं. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. शैलजाबाईंनी दुसरा घेतला.

मृण्मयीनं कीबोर्ड आईच्या मांडीवर ठेवला, आईची बोटं हळदीत बुडवून बटणांवर धरली आणि वाकून त्यांच्याखाली आपला गाल टेकवला. बोटं जागी झाली, गालाला लागली.

"लागली गं बाई हळद!" मावशीनं डोळे पुसले.

मृण्मयी डोळे मिटून तशीच राहिली. आई आता कुरवाळेल, असं तिला वाटत होतं. शैलजाबाई मनातल्या मनात बोटांच्या विनवण्या करत होत्या, आणि बोटं लेकीच्या गालावर भराभर टाइप करत होती.