हिरवीगार बरणी

हर्षालीच्या खिडकीतली समुद्री शेवाळाची बरणी अख्ख्या वस्तीत सगळ्यात हिरवीगार होती, आणि तिला त्याचा केवढा तोरा! शाळेच्या प्रयोगशाळेत तिने स्वतः नवं खत बनवलं होतं. गाजरं, आंबे, पालेभाज्या उगवणं कधीच थांबलं होतं. आता अंधार पडल्यावर मुलांना दिसायचं ते घरच्या बरणीतलं केशरी शेवाळ खाऊन, त्यातल्या अ जीवनसत्त्वाच्या जोरावर.

शेजारच्या मनवरकाकींनी बरणी उचलून उजेडात धरली.

“अगं बये, एवढं खाऊ घातलंस? हे शेवाळ उपाशी राहिलं, की मगच केशरी होतं. भरल्या पोटी नुसतं वाढतं!”

“मला वाटलं, जास्त वाढलं की मल्हारला जास्त मिळेल.”

“खत बंद कर आता. नुसतं खारं पाणी आणि ऊन. तोवर पोराचे डोळे टिकले म्हणजे मिळवलं!”

तेव्हापासून तिचा पाच वर्षांचा भाऊ मल्हार रोज विचारायचा, “ताई, झालं का गं केशरी?”

एका दिवेलागणीला हर्षालीने त्याला खिडकीशी आणलं आणि घाबरत घाबरत म्हणाली, “तूच सांग बघू, कुठला रंग दिसतोय?”

मल्हारने टाळ्या पिटल्या. “केशरी! झालं गं ताई, एकदम केशरी!”

बरणी हिरवीच होती. आणि मल्हार भिंतीकडे बघत होता.