हत्तीचा चौथा पाय

दोनदा पोट पडल्यावर रिनाला पुन्हा दिवस गेले. जिवाला घोर लावून घेऊ नका, हाताला काही विरंगुळा ठेवा, असं शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. म्हणून ती याही वेळी बाळासाठी फेल्टच्या कापडाचा हत्ती शिवायला बसली. पण त्याचा चौथा पाय काही टिकेना. दुपारी शिवावा, तर सकाळी टाके उसवलेले.

आज कात्री हातात घेऊन त्या पायाशी बसलेल्या सासूलाच, मोतीबाईला, तिने धरलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू एकदम वर आलं.

“आई, तुमले मन्हं पोरगं नको शे का?”

मोतीबाईने हत्ती पदराखाली ओढला.



“पोरगं हातमा येस तोपावत अर्धाच ऱ्हाऊ दे, माय. मांगे दोन्ही येळले तू हत्ती पुरा करेल व्हता.”