गाळलेला सात

“पाच, सहा, आठ.”

सुताराने लाकडाचे दहा ठोकळे पुन्हा ओळीत लावले. ठकीने पुन्हा एकेकावर बोट ठेवलं. सहाव्यापर्यंत बोट नीट चाललं. सातव्यावर ते जरा थबकलं आणि तोंडातून आठ निघाला. शेवटी बोट दहाव्या ठोकळ्यावर होतं आणि आकडा अकरा झाला होता.

“अगं, सात काय सुट्टीवर गेलाय?”

ठकी हसली नाही.

बाईंची चिठ्ठी टेबलावरच होती. उद्या सोमवारी त्या ठकीला पुन्हा मोजायला लावणार होत्या. वीसपर्यंत आलं तर ती सगळ्यांबरोबर पहिलीत जाणार, नाही तर आणखी एक वर्ष बालवर्गात. ‘घरी रोज थोडा वेळ घेऊन बसा. रागावू नका,’ असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं आणि ‘रागावू नका’खाली रेघ ओढली होती. नवल म्हणजे दोन महिन्यांपूर्वी हीच पोर तीसपर्यंत न अडखळता म्हणायची.

“तुमच्यावरच गेलीय,” दारातून बायको म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. “गिऱ्हाइकाला चार खुर्च्या कबूल करायच्या आणि तीन पोचवायच्या.”

“तू बस गं. मी भांडी घासून घेतो.”

“घासलीत की मघाशीच.”

खरंच घासली होती. बायको जिन्यावरून पडल्याला सव्वा महिना होत आला होता. तेव्हापासून धुणं, भांडी, ठकीची वेणी, सगळं तोच करत होता. वेणी तिरकी यायची, पण यायची. शेजारीण म्हणाली, “नवरा असावा तर असा.” असं कुणी म्हटलं की सुताराला हटकून काहीतरी काम आठवायचं आणि तो उठून जायचा.

“चल, पुन्हा.”

पाच, सहा, आठ.

“पुन्हा.”

पाच, सहा, आठ.

शेवटी त्याने टेबलावर हात आपटला. “सात! एवढा एक शब्द तोंडातून निघत नाही?”

ठोकळे जमिनीवर सांडले. ठकी रडली नाही. खाली बसून तिने ते एकेक करून उचलले, न मोजता. तिच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून दोन संध्याकाळी बसून त्याने त्यांचे कोपरे घासले होते. तिची वाकलेली मान बघून त्याची मान आपोआप खाली गेली.

“ठोकळे राहू द्या,” बायको म्हणाली. “ती जिन्यात शिकलीय, जिन्यातच म्हणेल. मी कपडे घेऊन वर जायची आणि ही खाली उभी राहून माझी पायरी न् पायरी मोजायची. चल गं ठके. मी चढते, तू मोज.”

“तू नको चढूस,” सुतार पटकन म्हणाला.

“अहो, हात मोडलाय, पाय नाही.”

ती चढू लागली. डावा हात कठड्यावर, एकेक पायरी सावकाश. ठकी खालून मोजत होती. एक, दोन, तीन. आवाज खणखणीत होता. चार, पाच. सुताराला हायसं वाटलं. सहा.

आईने पुढचा पाय उचलला आणि ठकीने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

“म्हण ना,” सुतार हळूच म्हणाला. “मी नाही रागावणार.”

ठकीने मान हलवली. बोटांच्या फटीतून आवाज आला. “नाही म्हणणार. मी सात म्हटलं की आई पडते.”

आई तिथेच, वरच्या पायरीला पाठ टेकून बसली.

“अगं वेडे, तू कशी पाडशील मला? माझंच लक्ष नव्हतं. पाय घसरला माझा.”

हेच ती दवाखान्यात डॉक्टरांना सांगत आली होती, शेजारणीला सांगत आली होती, फोनवर माहेरी सांगत आली होती. दर वेळी सुतार जवळच असायचा.

ठकीने तोंडावरचे हात काढले. तिला हे पटलं नव्हतं.

“मग सहावर का नाही घसरला?”

“घ्या!” आई हसली. “बाप आहात ना, द्या आता उत्तर.”

सुतार ठकीसमोर गुडघ्यांवर बसला. काहीही सांगता आलं असतं. चप्पल ओली होती, अंधार होता. पाच वर्षांच्या पोरीने ऐकलं असतं आणि उद्या शाळेत कदाचित सातही म्हटला असता. ती त्याच्याकडे बघत होती, डोळे न मिटता.

“कारण सहावी पक्की होती,” तो म्हणाला. हात ठकीच्या खांद्यावर होते, पण नजर हळूहळू वर, बायकोकडे गेली. “सातवी सैल होती. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी ती गुपचूप ठोकून बसवली. पण ती हलतेय, हे तू पडायच्या आधी आठ दिवस मला ठाऊक होतं.”